जन्मदाखला अमर केल्याची हकिगत

मित्रांनो, मी एक जुना लॅमिनेटर आहे, आणि कागदाला अमरत्व देणे हे माझे जीवितकार्य आहे. निदान माझ्या खोक्यावर तसे छापलेले होते. त्याच खोक्याच्या तळाला, जरा बारीक अक्षरात, 'वॉरंटी सहा महिने' असेही छापलेले होते.

माझा जन्म भोसरीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पोटात दोन रबरी रूळ, ते तापवणारी तार, बाहेर करडा पत्रा आणि कपाळावर दोन दिवे. लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे घाला. यापलीकडे मला कोणी काही शिकवले नाही. तिथून मी अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात आलो आणि ग्लोब आणि कंपासपेट्या यांच्यामध्ये आठ महिने बसून राहिलो. वॉरंटी तिथेच संपली.

मग २००९ साली पद्माकर दीनानाथ खांबेटे जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. निरोप समारंभाला काय देऊ, असे सहकाऱ्यांनी विचारले. अशा वेळी माणसे 'काही नको हो' म्हणतात आणि मग त्यांना गणपतीची मूर्ती मिळते. पद्माकरराव म्हणाले, "लॅमिनेशनचं मशीन द्या." शाल आणि नारळ रीतीप्रमाणे मिळालेच. त्यांच्या मागोमाग मी घरात आलो.

या मागणीला कारण होते. एकसष्ट साली पानशेतचे धरण फुटले तेव्हा खांबेट्यांचे बिऱ्हाड नदीजवळ होते. माणसे वाचली. पाण्याने नेली ती एक ट्रंक, आणि तिच्यात पद्माकररावांच्या वडिलांचे, म्हणजे दीनानाथांचे, सगळे दाखले होते. पुढे नोकरीत दीनानाथांना आपले वय सिद्ध करता येईना. शेवटी एका डॉक्टरांनी त्यांचे दात पाहून वय ठरवले. दात वाईट होते, त्यामुळे दीनानाथ तीन वर्षे आधी निवृत्त झाले.

तेव्हा पद्माकररावांच्या दृष्टीने कागद दोनच प्रकारचे होते. लॅमिनेट केलेले, आणि वाहून जायचे राहिलेले.

मित्रांनो, ती माझी भरभराटीची वर्षे होती. सोसायटीतले लोक गुणपत्रिका, रेशनकार्डे, आरत्यांचे कागद, देवाचे फोटो घेऊन यायचे. पद्माकरराव कागद प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये सरळ बसवायचे, हिरव्या दिव्याची वाट पाहायचे, आणि तो गरमागरम बाहेर आला की त्याचे चारही कोपरे नेलकटरने गोल कापायचे. "टोचायला नको कुणाला," असे म्हणायचे. लोक मला 'खांबेटेकाकांचं मशीन' म्हणून ओळखू लागले. एखाद्या यंत्राला याहून मोठा मान मिळत असेल असे मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. शेजारच्या सुलेखाताईंनी एकदा आपल्या होणाऱ्या बाळाचा सोनोग्राफीचा फोटो आणून दिला. तो उष्णतेने काळा पडणारा कागद असतो हे त्यांना माहीत नव्हते, पद्माकररावांना नव्हते, आणि मला कोणी विचारले नाही. आत बाळ गेले. बाहेर रात्र आली. सुलेखाताई चांगल्या होत्या. "असू दे काका, बाळ तर आहेच," म्हणाल्या. पद्माकररावांनी त्या काळ्या चौकोनाचेही कोपरे गोल कापून दिले. त्यातून आम्ही दोघांनी काही धडा घ्यायला हवा होता.

पुढे पद्माकररावांच्या पत्नी मधुमतीबाई गेल्या. पद्माकरराव घरात एकटे पडले, तेव्हा सिंगापूरला एका बँकेत आयटी मॅनेजर असलेला त्यांचा मुलगा हेमचंद्र त्यांना आपल्याकडे घेऊन गेला. हेमचंद्रकडे एम्प्लॉयमेंट पास होता, सून स्मिता आणि नात अवनी यांच्याकडे डिपेंडंट पास, पद्माकररावांसाठी लाँग टर्म व्हिजिट पास काढला होता. घरात पासाशिवाय राहणारा मी एकटाच. मी पायजम्यांच्या घड्यांत गुंडाळला जाऊन आलो.

सिंगापूरच्या एका टोकाला, पासिर रिसला, आठव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट होता. दिवसभर तिघेही बाहेर. पद्माकररावांनी पहिल्या महिन्यात एमआरटीचा, म्हणजे तिथल्या मेट्रोचा, नकाशा लॅमिनेट केला, अवनीचे शाळेचे वेळापत्रक केले, खाली खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये कोपी, म्हणजे तिथली कॉफी, विकणाऱ्या अंकलची हाताने लिहिलेली भावांची यादी करून दिली. अंकलने त्या बदल्यात आठवडाभर "कॅन, कॅन", म्हणजे 'चालेल, चालेल', म्हणत त्यांना फुकट कोपी पाजली. मग घरातले कागद संपले. तेव्हा त्यांनी हेमचंद्रच्या कपाटातून दोन पत्रे काढली. हेमचंद्रने पर्मनंट रेसिडेन्सीसाठी, म्हणजे सगळे ज्याला पीआर म्हणतात त्यासाठी, दोनदा अर्ज केला होता आणि दोनदा थोडक्यात नकार आला होता. पद्माकररावांनी दोन्ही नकार लॅमिनेट केले.

"बाबा, हे कशाला?" स्मिताने विचारले.

"नकार असला तरी सरकारी कागद आहे."

"तो फाटला असता तरी चाललं असतं हो."

"तुला चाललं असतं. कागदाला नाही."

याच सुमारास समोरच्या फ्लॅटमधली झोया आमच्या घरी येऊ लागली. ती रशियाची. चाळिशीच्या आतबाहेरची, उंच, हसू न दाखवता विनोद करणारी. एका विद्यापीठात पाणी गाळण्याच्या पातळ पडद्यांवर संशोधन करायची. विद्यापीठ मेट्रोच्या हिरव्या लाइनच्या एका टोकाला आणि घर दुसऱ्या टोकाला, म्हणून तिचे निम्मे वाचन गाडीत व्हायचे. नवरा फार पूर्वीच वेगळा झालेला. दहा वर्षांची मुलगी आन्या अवनीच्याच वर्गात होती, आणि दोघी एकमेकींशी जी भाषा बोलायच्या ती ना आमची ना त्यांची.

पहिल्या दिवशी झोयाने पद्माकररावांना नाव विचारले. सगळे संभाषण इंग्रजीतच, पण मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"पद्माकर."

"आणि वडिलांचं?"

सिंगापुरात आल्यापासून त्यांना हे कोणी विचारले नव्हते. ते खुर्चीत सरळ बसले. "दीनानाथ."

"मग तुम्ही पद्माकर दीनानाथोविच. मी झोया विक्तोरोव्हना. वडील विक्तोर."

झोया गेल्यावर पद्माकरराव स्मिताला म्हणाले, "बघ. यांच्याकडेही मधे वडिलांचं नाव. सुसंस्कृत लोक आहेत." त्यानंतर ती दारात उभी राहून "पद्माकर दीनानाथोविच, साखर आहे?" असे विचारायची, तेव्हा साखर आणायला ते स्वतः उठायचे. दात वाईट असलेल्या दीनानाथांचे नाव इतक्या आदराने घेणारे दुसरे कोणी त्या बेटावर नव्हते.

फेब्रुवारीत एकदा चहा पिताना झोयाने आपली अडचण सांगितली. तिचा विद्यापीठाशी असलेला करार डिसेंबरअखेर संपणार होता. नोकरी संपली की पास संपणार आणि पास संपला की आन्याची शाळाही. मायदेशातली तिची प्रयोगशाळा बंद झाली होती. तिथे आता जिम होती. म्हणून तिने पीआरचा अर्ज करायचे ठरवले होते. कागद घेऊन कचेरीत जायची तारीख मिळाली होती सत्तावीस एप्रिल.

"निकालाला किती दिवस?" हेमचंद्रने विचारले. या विषयात तो दोन नकारांचा जाणकार होता.

"सहा महिने धरते. म्हणजे ऑक्टोबर. डिसेंबरच्या आत."

"आणि सत्तावीसची तारीख चुकली तर?"

"पुढची मोकळी तारीख सप्टेंबरात आहे. सप्टेंबर अधिक सहा." तिने बोटे मोजली नाहीत. "तोवर आम्ही इथे नसू."

मित्रांनो, एवढी गोष्ट लक्षात ठेवा. सत्तावीस एप्रिल.

मार्चच्या सुरुवातीला झोयाच्या छतातून पाणी ठिबकू लागले. वरच्या घरातल्या बाथरूमची फरशी झिरपत होती. दुरुस्तीची माणसे शोधून आणायला आठवडा जाणार होता. झोया एक जाड फाइल छातीशी धरून आमच्या दारात आली.

"बादल्या मी सांभाळते. हे तुम्ही सांभाळा."

फाइल पद्माकररावांच्या हातात पडली. तिने ती स्मिताच्या हातात दिली असती, तर ही हकिगत इथेच संपली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हते. कॉरिडॉरपलीकडून बादलीत पडणाऱ्या थेंबांचा आवाज येत होता. पद्माकरराव बराच वेळ ऐकत बसले. मग त्यांनी फाइल उघडली. वाचायला नव्हे, नुसते पाहायला की ओल तर लागली नाही ना. करारपत्रे, पगाराचे कागद, पदव्या. सगळे कोरडे. आणि सर्वांत खाली एक लहानशी हिरवी चोपडी, जाड पुठ्ठ्याची, वर रशियातल्या जुन्या राजवटीचे चिन्ह. आत शाईने लिहिलेले आणि एक गोल शिक्का. झोयाचा जन्मदाखला. त्याचा एक कोपरा ओला होता.

पद्माकररावांनी चोपडी पंख्याखाली वाळवली. मग मला टेबलाखालून काढले, पुसले, आणि बटण दाबले.

मी तुम्हाला खरे सांगतो. मी यापूर्वी क्षुल्लक गोष्टींना अडलो आहे. एका व्हिजिटिंग कार्डाला पाऊण तास अडकवून ठेवले होते. त्या दिवशी मी अडलो नाही. लाल दिवा गेला, हिरवा लागला. पद्माकररावांनी चोपडी उघडी, आडवी पाऊचमध्ये ठेवली आणि श्वास रोखून माझ्या तोंडात दिली. मी माझ्या आयुष्यातले सर्वांत देखणे काम केले. एक बुडबुडा नाही, एक सुरकुती नाही. त्यांनी कोपरे गोल कापले.

तेवढ्यात अवनी शाळेतून आली. "आजोबा, हे आन्याज ममीचं आहे ना? यू आस्क हर ऑलरेडी?"

"सरप्राइज आहे."

"अय्यो आजोबा. कॅनॉट लाह!"

"का कॅनॉट? आता बादली काय, समुद्र आला तरी काही होणार नाही."

संध्याकाळी झोया फाइल न्यायला आली. पद्माकररावांनी दाखला वेगळा, दोन्ही हातांनी दिला, प्रसाद द्यावा तसा. झोयाने तो घेतला आणि सवयीने मिटायला गेली. तो मिटला नाही.

"ही बंद होत नाही," ती म्हणाली.

"गरजच नाही आता. दोन्ही पानं एकदम दिसतात."

झोया हळूच खुर्चीवर बसली. स्मिता स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तिचा चेहरा पाहून तिथेच थांबली.

"पद्माकर दीनानाथोविच," झोया म्हणाली, "आमच्याकडे लहानपणी दोन गोष्टी शिकवतात. अनोळखी माणसाकडून गोळी घ्यायची नाही. आणि दाखला लॅमिनेट करायचा नाही."

"का?"

"शिक्का खरा की खोटा ते बोटानं तपासतात. बोट पोचलं नाही की दाखला मेला. भाषांतर करणाऱ्या बाई याच्यावर सही देणार नाहीत. सहीशिवाय भाषांतर नाही. भाषांतराशिवाय..." नंतर तिने दाखला उजेडात तिरपा धरून पाहिला. "काम मात्र फार सुंदर झालंय."

हे शेवटचे वाक्य तिने मनापासून म्हटले होते. त्यामुळेच पद्माकररावांना ते लागले.

हेमचंद्र घरी आल्यावर व्हायचे ते झाले.

"बाबा, विचारायचं तरी होतं!"

"ओला झाला होता रे कोपरा."

"मग वाळवायचा. ऑफिसात कुणाच्या फायलीला असं न विचारता हात लावला असता का तुम्ही?"

पस्तीस वर्षांत पद्माकररावांनी तसा हात कधीच लावला नव्हता.

"काढता नाही का येत ते?" स्मिता म्हणाली. "मशीनला उलटं फिरायचं बटण आहे की."

बटण आहे, मित्रांनो. पण ते अडकलेला कागद परत द्यायला आहे. झालेले काम परत द्यायला नाही.

"नाही निघणार," झोयाने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितले. "गोंद सुटेल असं द्रावण माझ्या लॅबमध्ये आहे, पण त्यानं शाई आधी सुटेल. गोठवून सोलला तर पुठ्ठा सोलून येईल." तिने दाखला टेबलावर ठेवला. "माझी पीएच.डी. प्लॅस्टिकच्या पडद्यांवरच आहे. चिकटलेले पडदे वेगळे का होत नाहीत, यावर."

त्यानंतर तीन दिवस पद्माकरराव खाली कोपी प्यायला गेले नाहीत. अंकलने अवनीकडे निरोप पाठवला की यादीवर भाव बदललेत, नवीन करायची आहे. "अंकलला सांग, मशीन बिघडलंय," पद्माकरराव म्हणाले. मी बिघडलो नव्हतो. पण मी समजू शकत होतो. ज्या पाण्याने आपल्या वडिलांना कागदांना मुकवले, त्या पाण्याच्या भीतीने त्यांनी दुसऱ्याच्या मुलीचा कागद नाहीसा केला होता. आणि इथे तर तो कुठे वाहूनही गेला नव्हता, समोर चकचकत होता.

चौथ्या दिवशी ते उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. मला हे माहीत आहे, कारण ते झोयाला घेऊन आमच्याकडेच आले आणि माझ्या शेजारी कोरा कागद ठेवून बसले.

"दुबार दाखला कोण देतं?"

"माझ्या गावची नोंदणी कचेरी. उरल डोंगरांजवळ. पण मी तिथे जाऊ शकत नाही. आईला मुखत्यारपत्र करून पाठवावं लागेल. मग आई अर्ज करेल. आई एकाहत्तर वर्षांची आहे."

"अर्ज मी सांगतो. तुम्ही तुमच्या भाषेत घ्या. विषय..."

"आमच्याकडे विषय लिहीत नाहीत."

"लिहा. वाचणारा फक्त विषयच वाचतो. विषय : दुबार जन्मदाखला मिळणेबाबत. त्याखाली नोंद क्रमांक, तारीख, कचेरीचं जुनं नाव. त्याला शोधायला लावायचं नाही. शोधायला लागलं की तो फाइल खाली ठेवतो आणि जेवायला जातो."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी पस्तीस वर्षं जेवायला गेलोय."

नोंद क्रमांक चोपडीवरून उतरवून घेतला. प्लॅस्टिकखालून तो अगदी स्वच्छ दिसत होता. मी एवढेच नमूद करतो.

झोयाने वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र करून घेतले आणि ते कुरिअरने गेले. मार्च संपत आला तेव्हा लॅपटॉपच्या पडद्यावर तिच्या आई राईसा पेत्रोव्हना दिसल्या. घरातही लोकरी टोपी. झोया मधे बसून दोन्हीकडचे बोलणे इकडून तिकडे करत होती.

"आई म्हणते, खिडकीवरच्या बाई चांगल्या आहेत. पण तळघरात जुन्या नोंदींच्या खोलीला रंग देणं चालू आहे. साहेब म्हणाले, मे महिन्यात या."

हेमचंद्र सोफ्यावरून हळूच म्हणाला, "संपलं."

पद्माकरराव मात्र पडद्याजवळ सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर मी पुष्कळ दिवसांनी तो भाव पाहिला, जो ते पाऊचमध्ये कागद सरळ बसला की दाखवायचे.

"त्यांना विचारा, रंगारी आत कसे जातात?"

झोयाने विचारले.

"म्हणते, एक झाडणारी बाई आहे. ती उघडून देते."

"मग किल्ली तिच्याकडे आहे. साहेबांकडे नाही. साहेबांकडे किल्ली कधीच नसते. आधी त्या बाईंशी बोलायचं. ती आणि खिडकीवरची एकत्र चहा पीत असणार. ती खिडकीवरचीला सांगेल, खिडकीवरची रजिस्टर वर आणेल आणि सही घेताना साहेबांना कळेल. जाताना हातात काहीतरी गोड न्या म्हणावं. पेढे मिळतात तिथे?"

"चॉकलेटचा डबा नेतात."

"तेच ते."

राईसा पेत्रोव्हना पडद्यावर पुढे वाकल्या आणि काहीतरी लांबलचक बोलल्या. झोया हसली. ती हसते हे आम्हाला तेव्हा कळले.

"आई विचारते, हा माणूस आमच्या गावात कधी नोकरीला होता?"

एप्रिलची वीस तारीख उलटली तरी कुरिअर आले नव्हते. स्मिता फोनवर पार्सलचा नंबर दिवसातून दहादा तपासायची. आन्याने अवनीला विचारले, वर्गातला माझा रंगपेटीचा डबा तुझ्यासाठी ठेवून जाऊ का. अवनीने ते घरी येऊन सांगितले, तेव्हा पद्माकरराव गॅलरीत निघून गेले आणि बराच वेळ तिथल्या तुळशीला पाणी घालत राहिले. इतके, की खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडले.

तेवीस तारखेला, शनिवारी, पार्सल आले. पुठ्ठ्यात पॉलिथिन, पॉलिथिनमध्ये टॉवेल, टॉवेलमध्ये पुन्हा पुठ्ठा, आणि त्यात नवा दाखला. चोपडी नव्हे, साधे एक पान, वर 'दुबार' असा शिक्का. झोयाने शिक्क्यावरून बोट फिरवले. पद्माकरराव दोन पावले लांब, हात पाठीमागे बांधून उभे होते. पार्सलमध्ये एक चिठ्ठीही होती. झोयाने ती वाचून दाखवली.

"आदरणीय पद्माकर दीनानाथोविच, किल्ली झाडणाऱ्या बाईकडेच होती. कृपया या कागदाला हात लावू नये. तुमच्यासाठी चॉकलेट वेगळे पाठवले आहे."

सोमवारी भाषांतर करणाऱ्या बाईंनी सही दिली. बुधवारी, सत्तावीस एप्रिलला, झोया कचेरीत गेली आणि जाताना पद्माकररावांना बरोबर घेऊन गेली. मी अर्थातच घरी होतो, पण संध्याकाळी ते स्मिताला सगळे सांगत होते.

"मी हात खिशात घालून बसलो होतो. पूर्ण वेळ. खिडकीवर एक तरुण मुलगी होती, अवनीसारखाच चष्मा. झोयानं दाखला पुढे केला. तिनं भाषांतर पाहिलं, दाखला पाहिला, झेरॉक्स ठेवून घेतली आणि दाखला परत दिला. मी घड्याळ लावलं होतं. अकरा सेकंद."

"एवढ्यासाठी?" स्मिता म्हणाली.

"एवढंच असतं गं," हेडक्लार्क म्हणाले. "पण ते अकरा सेकंद नसले, की तीन वर्षं जातात."

ऑगस्टमध्ये पद्माकरराव पुण्याला परत गेले. सामान जास्त झाले असे कारण सांगून त्यांनी मला इथेच ठेवले. बॅगेत राईसा पेत्रोव्हनांनी पाठवलेल्या चॉकलेटचा रिकामा डबा मात्र गेला. मी आता टेबलाखाली खोक्यात असतो. माझ्यावर अवनीची जुनी पुस्तके आहेत. रूळांवर धूळ बसली आहे आणि हिरवा दिवा बहुधा गेला असावा. कोणी बटण दाबले तर कळेल. मेलेली हिरवी चोपडी झोयाच्या टेबलावर असते. ती तिच्यावर चहाचा कप ठेवते. डाग पडत नाही.

मित्रांनो, जाता जाता थोडे सांगतो. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल तर त्याचे रूळ अधूनमधून मऊ कापडाने पुसा. त्याला वापरा, त्याला वाईट वाटते. आणि दुसऱ्याच्या कागदाचे कितीही भले करावेसे वाटले तरी आधी विचारा. नंतर विचारले तर फक्त माहिती मिळते.

झोयाला पीआर मिळाला. पत्र ऑक्टोबरअखेर आले, आणि पुढच्या महिन्यात ती आपले निळे ओळखपत्र दाखवायला आमच्याकडे आली. हेमचंद्रने तिचे मनापासून अभिनंदन केले आणि मग जरा वेळ खिडकीतून बाहेर पाहिले. स्मिताने पुण्याला व्हिडिओ कॉल लावला.

पद्माकरराव पडद्याच्या अगदी जवळ आले. नुसते कपाळ दिसत होते.

"अभिनंदन, झोया विक्तोरोव्हना. नीट जपा. पण काही झालं तरी ते लॅमि..."

"पद्माकर दीनानाथोविच," झोया म्हणाली आणि तिने कार्ड पडद्यासमोर धरून त्यावर नखाने टकटक केले.

कार्ड प्लॅस्टिकचे होते. कोपरे गोल कापलेले होते.